एका घराला एक ईमेल

नोकरीसाठी गेलेला माझा पहिला बायोडाटा मी लिहिला नव्हता, मी पाठवला नव्हता, आणि तो कुणाकुणाला गेला हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. तो पाठवला आमच्या तात्यांनी. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. गिरणीत ते जॉबर होते. खात्यात कुणाला कामावर घ्यायचं आणि कुणाला गेटवरून परत पाठवायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे जॉबर. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण तात्यांच्या अंगातला जॉबर निवृत्त व्हायला तयार नव्हता. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून ते दारातल्या खुर्चीत बसायचे आणि कुणीतरी येऊन आपल्याकडे काहीतरी मागेल याची वाट बघायचे. कोण कशाला येतंय! मग वाकोल्यात आमच्या चाळीच्या तोंडाशी सायबर कॅफे उघडलं आणि आमची सगळ्यांची वाट लागली.

घर म्हणजे एक खोली, मोरीला चिकटून ओटा आणि वर माळा. त्यात तात्या, त्यांचा मुलगा प्रशांत, आई, बाबा आणि मी. काकी मी शाळेत असतानाच गेल्या, तेव्हापासून सगळ्यांची चूल आईच्या गळ्यात. विमानतळ जवळ, त्यामुळे डोक्यावरून सारखी विमानं जायची. विमान आलं की चाळीत बोलणारा माणूस थांबायचा, अगदी भांडणारासुद्धा, आणि विमान गेलं की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू व्हायचं. तात्या मात्र थांबत नसत. ते आवाज चढवायचे. सकाळी घावणे आणि कोरा चहा, दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी. बाजार बरा झाला असेल त्या दिवशी बांगड्याचं तिखलं. तिखल्यातल्या मधल्या तुकड्या तात्यांच्या ताटात जायच्या, मग प्रशांतच्या, मग बाबांच्या आणि माझ्या. आई डोकी चोखत बसायची आणि वर म्हणायची, माका डोकीच आवडतत. मी लहानपणी हे खरं मानत होते.

बाबांनाही गिरणीत तात्यांनीच लावलं होतं, बदली म्हणून. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी उभा राहतो तो बदली. सकाळी गेटवर जाऊन थांबायचं, जॉबरने बोट दाखवलं तर आत जायचं, नाहीतर आल्या पावली घरी. गिरणी बंद पडली तेव्हाही बाबा बदलीच होते. एवढी वर्षं होऊन पर्मनंट का झाले नाहीत, असं मी एकदा आईला विचारलं, तर तिने कपाळाकडे बोट दाखवलं. तरी घरात उठता-बसता ऐकायला मिळायचं, की दादांनी लावलं म्हणून आपण मुंबईत आहोत. हे खुद्द बाबाच म्हणायचे, तात्यांच्या ताटात भात वाढता वाढता. मला त्याचा असा संताप यायचा की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून जायची.

तर ते सायबर कॅफे. प्लायवूडच्या खोपटांना भडक पडदे, उदबत्तीचा धूर आणि इंटरनेट लागताना येणारा तो किंचाळल्यासारखा आवाज. तात्या पहिल्या दिवशी बघायला गेले, दुसऱ्या दिवशी बसायला गेले आणि आठवडाभरात तिथे हुकूम सोडायला लागले. दारालगतचं मशीन त्यांचं झालं. मालक जिग्नेशभाई बिचारा गरीब माणूस, त्याला वाटलं गिऱ्हाईक येतंय तर येऊ दे. तात्या एका बोटाने टाइप करायचे. ते बोट कीबोर्डावर आपटण्याआधी बराच वेळ हवेत तरंगायचं. पण चाळीतल्या बेकार पोरांच्या आईबापांना ते बोटही पुरलं. कंपन्या आता टपालाने अर्ज घेत नाहीत, ईमेलने मागवतात, आणि ईमेल म्हणजे काय ते तात्यांना कळतं, एवढी बातमी फिरायचा अवकाश, तात्यांचं गेट पुन्हा सुरू झालं. लोक रांग लावून उभे राहायचे. तात्या एकाला बोट करायचे, दुसऱ्याला उद्यावर ढकलायचे, "फाल्यां ये." दसऱ्याला त्यांनी त्या मॉनिटरला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी कीबोर्डात गेलं. दोन दिवस कॅफे बंद. तात्या म्हणाले, गिरणीतल्या मशीनला कधी काही झालं नव्हतं, मालच हलका आहे.

आता मूर्खपणा ऐका, आणि ह्यात मी एकटी नव्हते, अख्खी चाळ होती. आमची समजूत अशी, की ईमेल घराला एक असतो. रेशन कार्ड एक, गॅसचं पुस्तक एक, तसा ईमेल एक. तात्यांनी आडनाव आणि गावाचं नाव जोडून तो उघडला होता आणि त्याचा पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक. मी जिग्नेशभाईला विचारलं होतं, मला वेगळा मिळेल का, तर तो म्हणाला, "अरे बेन, फुकट आहे, दहा घे." हे मी घरी सांगितल्यावर तात्या असे काही हसले, जणू मी वेगळं रेशन कार्ड मागितलं होतं. "घरात एक असताना दुसरो कित्याक? घर फोडूचा हा काय?" बाबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. पुढे शेजारपाजारच्या पोरांचे अर्जही आमच्याच ईमेलवरून जायला लागले. कंपन्यांना वाटत असेल, ह्या एका कुटुंबात माणसं आहेत तरी किती!

आणि ते बायोडाटे! जिग्नेशभाईच्या मशीनवर एकच फाइल होती, कुणीतरी कधीतरी सोडून गेलेली. तिच्यातलं नाव खोडायचं, दुसरं घालायचं, झाला बायोडाटा. त्यामुळे आमच्या चाळीतला प्रत्येक पोरगा 'डायनॅमिक' होता, प्रत्येकाला 'चॅलेंजिंग' काम हवं होतं आणि प्रत्येकाचे छंद वाचन, संगीत आणि मित्र जोडणे. ज्याने दहावीनंतर पुस्तकाला हात लावला नाही त्याचाही पहिला छंद वाचन. शेवटी गंभीर शपथ, की वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. त्याखाली ओळखीचे प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून कुणाचं नाव? तात्यांचं. हुद्दा, माजी जॉबर, विणाई खातं. अंधेरीच्या काचेच्या ऑफिसांत बसणारी माणसं विणाई खात्याच्या जॉबरला फोन करून विचारणार होती, काय हो, ह्या मुलीला टॅली येतं का! मी बी.कॉम. फर्स्ट क्लास, टॅलीचा कोर्स केलेली. मी म्हटलं, तात्या, ती छंदांची भानगड काढा, टॅली वर घ्या. ते म्हणाले, "तुका काय कळता? सायबाक गुणी माणूस होयो." मग पेपरातल्या जाहिरातींतून सापडतील तेवढे पत्ते त्यांनी एकाच ओळीत घातले आणि अर्ज एकदम सगळ्यांना सोडला. प्रत्येक कंपनीला दिसत होतं की ही मुलगी आणखी कुणाकुणाच्या दारात उभी आहे. मागे उभ्या असलेल्या मंडळींकडे वळून तात्या म्हणाले, "गेलो अर्ज!" आणि लोकांनी मान डोलावली.

आता माझी भाची घरात बसून मोबाइलवर असले अर्ज पाठवते. तिच्या बायोडाट्यात 'पॅशनेट' असतं, डायनॅमिक जुनं झालं. ती सांगत होती, की आता माणूस वाचतच नाही, आधी मशीन वाचतं आणि मशीनला आवडणारे शब्द सापडले तरच पुढे ढकलतं. त्यासाठी ती पैसे भरून एका सरांचा क्लास करतेय, मशीनला काय आवडतं ते शिकवणारा. नोकरी मिळाली की फोटो टाकून लिहायचं, मी अत्यंत कृतज्ञ आहे वगैरे. सुटली की त्याच फोटोभोवती हिरवं वर्तुळ, म्हणजे काम हवंय. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, बाई गं, आमचे तात्या पण असेच होते, फक्त त्यांना चहा लागायचा. तिला वाटलं मी मस्करी करतेय.

एक दिवस संध्याकाळी तात्या कागद फडकवत घरात आले. आई ओट्याशी सोलकढी गाळत होती, बाबा लसूण सोलत बसले होते. तात्या म्हणाले, "कॉल इलो! अंधेरीचो. मरोळाक कंपनी असा, एक्स्पोर्टची." कागदावर नाव माझं. माझा बायोडाटा, माझा फर्स्ट क्लास, माझा कॉल. मी अक्षरशः उडी मारली. तात्यांनी मला हाताने खाली बसवलं. "तू नाय. प्रशांत जातलो."

मला वाटलं, विमानामुळे नीट ऐकू आलं नाही. पण विमान नव्हतं. तात्या शांतपणे समजावून सांगायला लागले, लाडीगोडीने, त्यांच्या मते माझ्या भल्याचंच. "बाय माझे, तुझा उद्या लगीन होतला, तू जातलं दुसऱ्याच्या घरात. नोकरी पण थंयच जातली. प्रशांत लागलो तर जागा घरात रवली. गिरणीत असाच करू आमी. एकाक जमना नाय तर घरातलो दुसरो उभो करूचो." आणि ते नुसता विचार बोलून दाखवत नव्हते. कंपनीला तसं उत्तर पाठवून मगच घरी आले होते.

"तात्या, माझं नाव आहे त्याच्यावर! मार्क माझे आहेत!" मी ओरडले. आईने गाळणी ओट्यावर आपटली आणि म्हणाली, "भावजी, कागदार नाव वैशूचा असा. ह्या बरा नाय." आई त्यांच्यासमोर एवढं कधी बोलली नव्हती. तात्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बाबांकडे बघितलं. मीही बघितलं. मला आतून खात्री होती, की आज बाबा बोलतील. बाबांनी लसणाची पाकळी सोलली, ताटलीत टाकली आणि म्हणाले, "दादा सांगता तर..." आणि दुसरी पाकळी उचलली. त्या क्षणी मला तात्यांची जेवढी घृणा वाटली, तेवढीच बाबांची वाटली. प्रशांत दारात उभा राहून केसांना जेल लावायचा आरसा शोधत होता.

इंटरव्ह्यूच्या दिवशी प्रशांत तात्यांचा टाय लावून निघाला. मी मागच्याच बसने निघाले. आईने मला मुकाट्याने डब्यात घावणे बांधून दिले आणि बाबा दिसले नाहीत. मरोळच्या त्या ऑफिसात थंडगार एसी आणि बुडायला होईल असा मऊ सोफा. त्या सोफ्यावर प्रशांत माझा बायोडाटा मांडीवर घेऊन बसलेला. मला बघून दचकला. "वैशू, तू? यार, मी काय करू, तात्यांनी पाठवलं ना. मला तर टॅली म्हणजे काय तेही माहीत नाय." मी म्हटलं, "मग गप बस आणि बघ." प्रशांत वाईट नव्हता. वाईट असायला जेवढी मेहनत लागते तेवढीही त्याने कधी केली नाही.

आम्हाला दोघांनाही एकदम आत बोलावलं. केस बारीक कापलेल्या एक मॅडम आणि दोन पुरुष. मॅडमनी विचारलं, तुमच्यातली बदली कोण? आणि ते दोघे फिदीफिदी हसले. प्रशांतही हसला, सवयीने. मग एकाने मागे बोट केलं. तिथे चहाच्या मशीनशेजारी बोर्ड होता आणि त्या बोर्डावर, दुपारच्या जेवणाच्या मेनूच्या बाजूला, आमच्या तात्यांचा ईमेल छापून टाचणीने लावलेला. 'रिस्पेक्टेड सर, कँडिडेट इज लेडीज अँड विल मॅरी. सेंडिंग ब्रदर इन बदली. सेम फॅमिली, सेम गॅरंटी.' खाली सही, जॉबर. दोन दिवस अख्खं ऑफिस चहा घेता घेता तो वाचून हसत होतं.

मला शरम वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या पाठोपाठ राग आला, आणि तो तात्यांचा नव्हता. तात्यांना शिव्या घालायचा हक्क माझा होता, मी त्यांच्यासोबत राहून तो कमावला होता. ह्या एसीतल्या गुळगुळीत माणसांचा काय संबंध? एका म्हाताऱ्याचं मोडकंतोडकं इंग्रजी भिंतीवर लावून हसायचं आणि स्वतःला शिकलेले म्हणवायचं! मी उठले, टाचणी काढली, कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि परत येऊन बसले. "ह्या मेलमधलं काही खरं नाही," मी म्हटलं. "अर्ज माझा आहे. विचारा काय विचारायचं ते." प्रशांतला मी बाहेर जायला सांगितलं. तो आनंदाने गेला.

त्यांनी विचारलंही. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता, असा तो जगातला सर्वात निर्बुद्ध प्रश्न. जिथे तात्या दिसणार नाहीत अशा कुठल्याही ठिकाणी, असं मनात आलं होतं, पण मी 'ह्याच कंपनीत' असं गोड तोंडाने सांगितलं. मग मशीनवर बसवून टॅलीत चार नोंदी करायला लावल्या, त्या केल्या. आणि मला घेतलं. माझ्यात काही विशेष दिसलं म्हणून घेतलं असा माझा गैरसमज नाही. त्यांची आधीची मुलगी सोडून गेली होती आणि सोमवारपासून कुणीतरी हवं होतं. मॅडम म्हणाल्या, अपॉइंटमेंट लेटर ईमेल करते. मी म्हटलं, "मॅडम, त्या ईमेलवर पाठवलंत तर सोमवारी कोण येईल ते मी सांगू शकत नाही." तेव्हा त्या पहिल्यांदा माणसासारख्या हसल्या आणि त्यांनी लेटर छापून हातात दिलं.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. तात्या कॅफेत. मी आई-बाबांना सगळं सांगितलं. आईने मला जवळ ओढून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदराने तोंड पुसत राहिली. बाबांनी विचारलं, "बोर्डार काय लावलेला?" मी पर्समधून कागद काढून वाचून दाखवला. त्यांना इंग्रजी फार कळत नव्हतं, म्हणून मराठीत सांगितलं, की मुलगी लग्न करून जाईल, तिच्या जागी भावाला बदली म्हणून पाठवतोय. "परत सांग," बाबा म्हणाले. मी परत सांगितलं. ते उठले, शर्ट घातला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

प्रशांतने कॅफेत जाऊन बातमी दिली असणार, कारण तासाभरात तात्या आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. मी समजले होते ते चिडतील. कसले चिडतायत! जिना चढताना वरपर्यंत त्यांचा आवाज. प्रत्येक दारात थांबून पेढा देत होते. "लागलां आमचां चेडू! अंधेरीक. मी लावलंय. एक मेल टाकलंय आणि काम फत्ते!" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. लोक त्यांच्या पाया पडत होते. शेजारची एक बाई माझ्या हाताला धरून म्हणाली, तात्यांना विसरू नको हो बाय. मला हसावं की त्या बॉक्ससकट तात्यांना जिन्यावरून ढकलावं, कळेना. एवढा निर्लज्जपणा मी पुढे मोठमोठ्या साहेबांतही बघितला, पण इतका निरागस कुठेच नाही. त्या माणसाला खरोखरच वाटत होतं, की त्यानेच मला लावलं.

गॅलरीत बाबांसमोर येऊन त्यांनी पेढा पुढे केला. "घे रे, तोंड गोड कर. तुका लावलंय, आता तुझ्या चेडवाक लावलंय."

बाबांनी पेढा घेतला नाही. "तिका तू लावक नाय, दादा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण गॅलरीतली माणसं बोलायची थांबली. "तिची जागा तू तुझ्या झिलाक दिलीस. माझी दिलीस तशीच."

"तुझी?" तात्यांना कळेना. "तुझी खंयची जागा?"

"पर्मनंटची. माझो नंबर इल्लो. मी गेटार उभो होतंय आणि तू तुझ्या मेव्हण्याक आत घेतलंस."

आई दारात होती. ती चौकटीला टेकून खाली बसली. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर संसार केला, त्याच्या नशिबाला बोल लावला, आणि हे तिला आज कळत होतं, माझ्याबरोबर, शेजाऱ्यांबरोबर, उभ्या गॅलरीत. तात्यांचा चेहरा मात्र साफ होता. अपराध्यासारखा नाही, पकडलं गेल्यासारखा नाही. हिशेब साधा असताना समोरच्याला कळत नाही म्हणून वैतागल्यासारखा.

"अरे, मग झाला काय तां?" ते म्हणाले. "मेव्हणो काय परको? जागा घरातच रवली मां!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा तात्यांकडे.

"आणि मी खंयच्या घरातलो?"

तात्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या हातातला पेढा तसाच होता. ते नेहमीसारखा आवाज चढवतील म्हणून सगळे थांबले होते, मीसुद्धा. त्यांनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला आणि झाकण लावलं.